सदर इसम

बायूने पान तिच्या टेबलावर आणून ठेवलं तेव्हा चित्रातले चेहरे कोरेच होते. पाचवीच्या इतिहासाच्या पुस्तकातलं चित्र. उजवीकडे शिपाई, डावीकडे झेंडे घेतलेली माणसं, मधे एक मोठं झाड. शिपायांना नाकडोळे होते, एकाला तर छान मिशीही होती. डावीकडच्या सात जणांच्या मानेवर नुसती अंड्यासारखी डोकी.

"ताई, यांचे चेहरे कसे काढू?" बायू म्हणाला. "मागच्या आवृत्तीत लाल डोळे होते. साहेब म्हणतात, आता लाल नको. पण ओळखू तर आले पाहिजेत."

"कशावरून?"

"तेच विचारतोय. तुम्ही त्या बाजूच्या ना." मग आपणच दचकून तो म्हणाला, "म्हणजे, तुमचं गाव त्या बाजूला आहे ना."

वेनिंगने पेन्सिल खाली ठेवली. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. गावाकडच्या शेजारणीचा, कातिनाह मावशींचा निरोप होता: ‘मुगियोनो सार्जंट पहाटे गेले. तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर उचलणार. तुला कळवावं वाटलं म्हणून.’ तिने तो दोनदा वाचला. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. सुराबायाहून गाव बसने साडेतीन तासांवर, तेही रस्त्याने कृपा केली तर. तिने टेबलाचा खालचा खण उघडला, त्यातला बिस्किटांचा चौकोनी डबा काढून पिशवीत घातला आणि बायूला म्हणाली, "चेहरे राहू देत. मला जायला हवं."

"कोण गेलं?"

या प्रश्नाला साधं उत्तर नव्हतं. काका म्हणावं तर आयुष्यात तिने त्यांना कधी काका म्हटलं नव्हतं. "ओळखीचे होते," ती म्हणाली, आणि जिना उतरताना तिला वाटलं, ओळखीचे तरी कुठे.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. शहर संपता संपत नव्हतं. टायरांची दुकानं, मशिदीसाठी वर्गणी मागणारे रस्त्याच्या मधोमध उभे राहिलेले लोक, मग पुन्हा टायरांची दुकानं. डबा मांडीवर घेऊन ती मनात तासांचा हिशोब करत होती. पोचायचं होतं ते तिरडी उचलण्याआधी. नंतर पोचून उपयोग नव्हता. गावाकडे माणूस गेला की दारासमोर हिरव्या चादरीखाली तिरडी ठेवतात, मशिदीतले मोदिन पुढे येऊन जमलेल्या सगळ्यांना मोठ्याने विचारतात, हा माणूस कसा होता. आणि लोक म्हणतात, चांगला. तीनदा विचारतात, तीनदा सांगतात. तेवढीच साक्ष माणसाबरोबर मातीत जाते. एरवी कोणी फारसा विचार न करता म्हणतं ते. पोरंबाळंही पुढच्यांच्या सुरात सूर मिसळतात. त्या तीन शब्दांपैकी एक तिला म्हणायचा होता. अठरा वर्षं उशीर झालाच होता, त्यात आणखी दहा मिनिटांची भर तिला नको होती.

पाच महिन्यांपूर्वी त्याच गल्लीत, तशाच हिरव्या चादरीखाली तिचे बाबा होते. राहार्जो गुरुजी. त्यांना गुरुजी म्हणणारे सगळे साठीच्या पुढचे होते, कारण त्यांनी शाळेत शिकवलं ते तरुणपणी, पाच वर्षं. नंतर देशात ते भयंकर वर्ष आलं, लष्कराने सत्ता घेऊन कम्युनिस्टांची धरपकड केली, शिक्षकांच्या एका संघटनेच्या यादीत त्यांचं नाव निघालं, आणि कुठल्याही कोर्टात उभे न राहता ते बारा वर्षं दूरच्या बेटावर झाडं तोडत होते. सुटून आल्यावर लग्न केलं, वेनिंग झाली. ओळखपत्राच्या कोपऱ्यात दोन अक्षरं आली, कैदेतून सुटलेल्यांना लावायची. ती असली की शाळेत शिकवता येत नसे, सभेत बोलता येत नसे. म्हणून बाबा थडग्यांच्या फळ्या रंगवत. सागाची फळी, पांढरा रंग, त्यावर काळ्या अक्षरांत नाव आणि दोन तारखा. अक्षर असं की मेलेल्या माणसाला आपलं नाव पहिल्यांदाच नीट दिसावं. गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांतल्या म्हाताऱ्यांची नावं त्यांनी लिहिली होती. फळी न्यायला लोक मागच्या दाराने येत.

आणि त्या दिवशी मोदिननी विचारलं, "हा माणूस कसा होता?" तेव्हा कोणी बोललं नाही. एक श्वास जाऊन दुसरा यावा एवढाच वेळ गेला असेल, पण वेनिंगला तो अजून ऐकू येत होता. लोक दुष्ट नव्हते. बहुतेकांचे डोळे ओले होते. पण या माणसाबद्दल हा शब्द चारचौघांत उच्चारायची चाळीसपंचेचाळीस वर्षांत कोणाला सवय राहिली नव्हती. पहिल्यांदा कोण म्हणतो याची प्रत्येक जण वाट बघत होता. तेव्हा मागून, आंब्याच्या झाडाखालून, कवायतीच्या मैदानावरचा आवाज आला. "चांगला." मग सगळे म्हणाले. दुसऱ्या वेळी जोरात, तिसऱ्या वेळी त्याहून जोरात, जणू उशिराची भरपाई. तो पहिला आवाज वेनिंगने न बघता ओळखला. लहानपणी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो फाटकातून यायचा: गुरुजी, अहवाल.

मग तो माणूस पुढे आला होता. हात जोडल्यासारखे करून तिच्यासमोर उभा राहिला, काहीतरी बोलणार होता. ती ओढणी सावरायचं निमित्त करून आत निघून गेली. खिडकीच्या फटीतून तिने पाहिलं, तो चपलांच्या ढिगात आपली चप्पल शोधत होता. सापडायला बराच वेळ लागला. एका चपलेचा अंगठा तारेने बांधलेला होता.

मुगियोनो लष्कराच्या ठाण्यातला सार्जंट होता. गावात अशी दोन अक्षरांची माणसं सात. त्यांच्यावर नजर ठेवायची, महिन्याला प्रत्येकाचा एक अहवाल वर पाठवायचा, हे त्याचं काम. सुरुवातीला बाबाच ठाण्यावर जात. गुडघे गेल्यावर सार्जंट घरी येऊ लागला. लहानपणी वेनिंग पडद्याआडून ऐकायची. टंकयंत्राचा आवाज असा यायचा, जसं कोणी अंगणात एक एक करून नारळ टाकतंय. मग सार्जंटचा सुस्कारा.

"गुरुजी, ‘संशयास्पद’ मध्ये आधी कुठला स?"

"सगळीकडे एकच काढा, मग मी बघतो. पण संशयास्पद काय आहे ते तरी सांगा."

"छत्री."

"छत्री?"

"पाऊस नसताना तुम्ही छत्री घेऊन फिरत होता. मंगळवारी. मी लिहून ठेवलंय."

"दुरुस्तीला नेत होतो हो. तुमच्याच मेहुण्याकडे."

सार्जंटने डोकं खाजवलं. "मग काय लिहू? वरून कागद परत आलाय. म्हणे तपशील अपुरा. बाकीच्या सहा जणांचं कसंबसं भागतं, एक दारू पितो, एक बायकोशी भांडतो. तुमचं काय लिहायचं माणसाने? तुम्ही नुसते बसता."

मग बाबांनी त्याच्यापुढचा कागद आपल्याकडे ओढला. वेनिंगला तो क्षण आठवत नव्हता, तो कधी झाला हेही तिला माहीत नव्हतं. पण झाला असणार. कारण त्यानंतर दहाबारा वर्षं स्वतःवरचा अहवाल बाबांनी स्वतः लिहिला. आधी शाळेच्या वहीत कच्चा, मग त्यावरून सार्जंट दोन बोटांनी टंकायचा आणि खाली सही करायचा. तोवर आई चुलीवरची केळ्यांची भजी आणि तळाशी गाळ साचलेली कॉफी आणून ठेवायची. कधी कधी आतून हसण्याचा आवाज यायचा. तो आवाज वेनिंगने कानाबाहेर ठेवला होता. ज्याच्यामुळे आपल्या घरी वाढदिवसाला कोणी येत नाही, त्याच्यासमोर बाबा हसतात हे तिला बसत नव्हतं. आणि जे मनात बसत नाही ते मूल पाहत नाही.

शाळेत तिसरीत असताना देशाच्या शत्रूचं चित्र काढायला सांगितलं होतं. त्या भयंकर वर्षाची आठवण म्हणून दर सप्टेंबरअखेर सांगत. तिने डोळे लाल काढले, दात बाहेर, केस ताठ, एका हातात विळा. बाईंनी दहापैकी नऊ दिले. धावत घरी येऊन तिने बाबांना दाखवलं. बाबा फळी रंगवत होते. ब्रश बाजूला ठेवून त्यांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं.

"छान आहे. पण कान राहिले की."

"शत्रूला कशाला कान?"

"ऐकायला नको का त्याला? आपण एवढं ओरडतो." आणि त्यांनी तिच्याच पेन्सिलीने दोन कान काढले. जरा मोठेच. पुढे किती वर्षांनी, ओळखपत्रावरची दोन अक्षरं कळल्यावर, त्या दुपारी बाबांच्या चेहऱ्यावर काय होतं हे तिने पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. काहीच नव्हतं. लेकीचं चित्र बघणाऱ्या बापाचा चेहरा होता.

बस उसाच्या शेतांतून जात होती. पुढच्या बाकावर कोणीतरी मोसंबं सोललं, त्याचा वास डोळ्यांत गेला. पावणेदोन. ती चौदा वर्षांची होती तेव्हा जिल्ह्याच्या ध्वजपथकात निवडली गेली. सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, जिल्हाधिकाऱ्यांच्या समोर, पांढरा गणवेश, लाल रुमाल, काळी टोपी. उजवीकडून तिसरी. पाच आठवडे सराव झाला. गुडघा किती वर यायचा, हनुवटी कुठे धरायची, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की विहिरीवर पाणी आणायलाही ती कवायतीतच जायची, आणि बाबा फळीमागून हळूच ताल धरायचे. समारंभाच्या चार दिवस आधी सरावाच्या मैदानावर पथकाच्या बाईंनी तिला बाजूला बोलावलं. ‘घरचं वातावरण स्वच्छ नाही’ एवढंच म्हणाल्या. हातमोजे परत मागितले. ते इतके पांढरे होते की काढताना आपल्या हातांवरच काहीतरी लागलंय असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळी सार्जंट सोमवार नसताना आला. फाटकाच्या आत आला नाही. टोपी हातात. "पोरी," तो म्हणाला, "अहवाल माझ्याकडून गेला. त्यात तुझं नाव होतं. सही माझी होती." तिने जवळची रंगाची वाटी उचलून त्याच्यावर भिरकावली. पांढरा रंग त्याच्या छातीवर, बिल्ल्यावर, बुटांवर. तो हलला नाही. पुसलाही नाही. "बरं," म्हणाला आणि गेला. बाबा ओसरीवर एक ब्रश धूत बसले होते. अंधार पडेपर्यंत तोच ब्रश धूत होते. मुलीला एक शब्द बोलले नाहीत, ना रागाचा, ना समजुतीचा. तिला वाटलं, ते भितात. त्यांच्या भित्रेपणाबद्दल तिने त्यांना हळूहळू क्षमा केली. सार्जंटला केली नाही. तो तिच्या मनात उंच होत गेला, रुंद होत गेला, बुटांचा आवाज वाढला. शहरात आल्यावर रस्त्यात गणवेश दिसला तरी ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची. माणसाला उभं राहायला काहीतरी टेकू लागतो. तिचा टेकू मुगियोनो होता.

पुढे राजवट गेली. दोन अक्षरं गेली, अहवाल थांबले. सार्जंट निवृत्त झाला. पण सोमवार थांबले नाहीत. आई गेली, तरी थांबले नाहीत. सुट्टीत घरी आली की ती चिडायची, "अजून कशाला येतो हा माणूस?"

"सवय गं त्याची," बाबा म्हणायचे. "शत्रू पाळणं म्हणजे गाय पाळण्यासारखं असतं. इतकी वर्षं रोज बघितल्यावर एकदम कसं सोडवेल?"

"आणि तुम्हाला?"

"मी तर गायच," बाबा म्हणायचे आणि डॉमिनोच्या सोंगट्या शोधायला उठायचे.

बाबांच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, पाहुणे गेले, आणि तिने त्यांची ब्रशांची पत्र्याची पेटी उघडली. ब्रशांखाली वह्या. बाबांचं अक्षर, तिरपं न होणारं. ‘सदर इसम सकाळी पाच वाजता उठला. सदर इसमाचे या महिन्यात एका कोंबडीशी सख्य जमले आहे. कोंबडीचे पूर्वचरित्र तपासले, स्वच्छ आहे.’ ती हसली आणि लगेच तोंडावर हात धरला, घरात कोणी नव्हतं तरी. ‘सदर इसम विहिरीवर पाणी ओढताना काहीतरी गुणगुणतो. शब्द स्पष्ट नाहीत.’ बाजूला पेन्सिलीने: ‘वरून विचारणा. कोणते गाणे?’ पुढच्या महिन्यात: ‘सदर इसमाचा घसा बसला आहे.’ एका पानावर: ‘सदर इसमाने या महिन्यात एकच फळी रंगवली. फळीवरील नाव अहवाल लिहिणाऱ्याच्या पत्नीचे होते. सदर इसम व अहवाल लिहिणारा दोघेही त्या दिवशी फारसे बोलले नाहीत.’ हे वाक्य वर गेलं नसावं; त्यावर एक रेघ होती, सार्जंटची, वाकडी.

आणि मग त्या वर्षाचा ऑगस्ट. ‘सदर इसमाची कन्या वेनिंग हिची जिल्ह्याच्या ध्वजपथकात निवड झाली आहे. पथकात तिचे स्थान उजवीकडून तिसरे. तिची उंची, चाल व शिस्त उत्तम असल्याचे सर्वांचे मत. या बातमीने सदर इसमास इतका आनंद झाला की त्याने आसपास भजी वाटली व रात्री त्यास झोप लागली नाही. देशाचा झेंडा आपल्या घरातील हातांनी वर जाणार, असे तो वारंवार म्हणतो.’

तिने ते पान उभ्यानेच वाचलं आणि मग पेटीच्या कडेवर बसली. गावात निवडलेल्यांची यादी लागली होती, पण कोणाची मुलगी कोण हे वरच्यांना कुठे ठाऊक होतं. बाबांनी कळवलं. सुबक अक्षरात, आनंदाने, आपल्यावर पाळत ठेवणाऱ्यांना लेकीचं कौतुक कळवलं. जसं कोणी मामाला पत्र लिहून कळवतो. इतकी वर्षं ज्यांना दर महिन्याला आपलं सगळं सांगितलं, ते आपले कोणीतरी आहेत असं त्यांना त्या एका महिन्यात वाटून गेलं असावं. सार्जंटनेही ते न कळून टंकलं असेल. दोन बोटांनी, एक एक नारळ. पुढच्या पानावर फक्त तारीख होती. आणि सार्जंट फाटकाबाहेर उभं राहून जे म्हणाला होता त्यात एकही शब्द खोटा नव्हता. अहवाल माझ्याकडून गेला. सही माझी होती. त्याने एवढंच केलं की बापाच्या वाटचं रंगाचं भांडं आपल्या छातीवर घेतलं, आणि दोघा म्हाताऱ्यांनी मरेपर्यंत तोंड उघडलं नाही.

बाबांवर रागवायचं तिने करून पाहिलं. जमेना. ‘चाल व शिस्त उत्तम’ या शब्दांशी येऊन राग बसून जायचा. मुगियोनोकडे जायचं तर काय म्हणायचं, कुठून सुरुवात करायची. ईदला जाऊ असं तिने ठरवलं. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून बिस्किटांचा डबा आणला. ईद आली तेव्हा तिने पुस्तकांची छपाई पुढे केली. डबा खणात राहिला. अडीच महिने रोज खण उघडताना तो दिसायचा आणि ती म्हणायची, पुढच्या सोमवारी.

नदीच्या पुलाअलीकडे बस थांबली. पुढे ट्रक आडवा झाला होता. दोन चाळीस. लोक उतरून लवंगेच्या सिगारेटी ओढू लागले. तिने चालकाला विचारलं, "किती वेळ?" त्याने आकाशाकडे बघितलं, जणू ते त्याच्या हातात होतं. ती उतरली, पायी पूल ओलांडला, पलीकडे भाड्याची मोटारसायकल मिळाली. मागे बसून, डबा पोटाशी धरून, तिने एका हाताने बायूला लिहिलं: ‘चेहरा साधा काढ. शेजाऱ्यासारखा. कान विसरू नकोस.’

"घाई आहे का बाई?" मोटारसायकलवाला ओरडला.

"मयताला जायचंय."

"मग मयत थांबेल की."

"नाही थांबणार," ती म्हणाली. त्याने वेग वाढवला.

मुगियोनोच्या घरासमोर तिला वाटलं होतं तेवढी माणसं नव्हती. वीसेक असतील. लुंग्या, काळ्या टोप्या, ओसरीवर बायका. गल्लीने बाबांना अंतरावर ठेवलं होतं, आणि बाबांवर नजर ठेवणाऱ्यालाही; तो वरच्यांचा माणूस, कधी काय लिहील सांगता येत नाही. राजवट गेल्यावर तर त्याच्याशी बोलायचं कारणच उरलं नव्हतं. हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं, की सोमवारी तोही कुठेतरी जाऊ शकत होता तर फक्त एकाच घरी. दारावर त्याचा गणवेशातला फोटो टेकवून ठेवला होता. बुटका माणूस. बारीक मान, आणि दोन्ही बाजूंना मोठाले कान. कपाटातल्या भांड्यांच्या कानांसारखे. एवढे कान तिला कसे दिसले नव्हते कधी. तिरडीशेजारी फळी उभी होती. नाव कोणीतरी घाईने मार्करने लिहिलं होतं, शेवटची दोन अक्षरं जागा न पुरून चेंगरली होती. बाबांनी परत लिहायला लावलं असतं.

कातिनाह मावशींनी तिला पाहिलं, मग तिच्या हातातला डबा पाहिला, आणि काही न विचारता ओसरीवर सरकून जागा केली. ती बसली नाही. मोदिन पुढे आले. तेच, पाच महिन्यांपूर्वीचे. घसा साफ करून त्यांनी विचारलं, "हा माणूस कसा होता?"

कोणी बोललं नाही. एक श्वास गेला. तिने तो ओळखला, तोच होता. कोणी टोपी सारखी केली. या गल्लीत हे उत्तर पुरुष देतात, बायका मनात म्हणतात. तिची हनुवटी वर झाली, खांदे मागे गेले, अठरा वर्षांपूर्वी शिकलेलं सगळं अंगाने आपणहून आठवलं.

"चांगला," ती म्हणाली.

माना वळल्या. राहार्जो गुरुजींची मुलगी, असं कोणीतरी कुजबुजलं. मोदिननी तिच्याकडे पाहिलं आणि थोडं थांबून दुसऱ्यांदा विचारलं. आता आंब्याच्या झाडाखालचे दोघेतिघे तिच्याबरोबर म्हणाले. तिसऱ्यांदा सगळी गल्ली म्हणाली, ओसरीवरच्या बायकाही. तिरडी उचलली. चपलांच्या ढिगाशेजारी, भिंतीला लागून, तारेने बांधलेली ती चप्पल आणि तिच्या जोडीची दुसरी नीट ठेवलेली होती. आज त्या कोणी शोधणार नव्हतं. गल्लीच्या वळणावर हिरवी चादर दिसेनाशी झाली, तरी ती डबा छातीशी धरून उभी होती, आणि तिच्या मनात एक हात सागाच्या फळीवर लिहावं तसं सावकाश लिहीत होता: सदर इसमाची कन्या वेळेवर हजर होती. चाल व शिस्त उत्तम. बोलली. शब्द स्पष्ट होते.